टाच बरी झाली म्हणतात, मग अजून दुखते का? (जुनाट टाचदुखी आणि संवेदनशील झालेली मज्जासंस्था)

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच.

माझी उजवी टाच अडीच वर्षं दुखतेय. सुरुवात बहुतेकांसारखीच झाली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा रुतल्यासारखी कळ, आणि दहा-बारा पावलं चाललं की कमी. निदान झालं प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्याखालच्या फॅशिया नावाच्या पट्ट्याचं दुखणं. मऊ चपला, टाचेखाली जेलची गादी, बर्फ, पोटरीचे आणि तळव्याचे ताण, सगळं केलं. एक स्टेरॉइडचं इंजेक्शनही झालं. त्याने चारेक आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

गेल्या वर्षभरात मात्र दुखण्याची जातच बदलली आहे. पूर्वी एका बोटाने जागा दाखवता यायची. आता अख्खी टाच दुखते, घोट्याची आतली बाजू दुखते, कधीकधी पोटरीपर्यंत जातं. रात्री पांघरुणाचा काठ टाचेवरून सरकला तरी पाय आखडून घेते. दगदगीच्या आठवड्यात काही न चालताही ठणकते, आणि एकदा मैत्रिणींबरोबर दिवसभर हिंडले तर संध्याकाळपर्यंत आठवणही झाली नाही!

सोनोग्राफी पुन्हा केली. फॅशियाची जाडी पहिल्यापेक्षा कमी झालीय, 'चांगली सुधारणा' असं लिहून आलं. मग नव्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी दुखरी टाच दाबलीच, पण चांगली टाचही दाबली, नडगी दाबली, हाताच्या अंगठ्याचं मूळ दाबलं. सगळीकडेच मी अपेक्षेपेक्षा लवकर 'आई गं' म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमची मज्जासंस्था जास्त संवेदनशील झालीय." घरी येऊन सांगितलं तर नवऱ्याने अगदी सहज विचारलं, "म्हणजे दुखणं मनाचं आहे का?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

टाचेचं दुखणं मज्जासंस्थेचं कसं असू शकतं? कुणाला असा अनुभव आहे का? आणि असेल तर त्यावर करायचं काय?

चालत_राहा

ताई, पांघरुणाचं वाचून अंगावर काटा आला. मला वाटायचं हे माझ्या एकट्याचंच आहे. चार वर्षं. वाचतोय.

लोखंडी_पोटरी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. टाच दुखते कारण तळव्याचा तो पट्टा कमकुवत झालेला असतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेली ती दोरी आहे. पाऊल उचलताना बोटं वर वळतात तेव्हा ती ताणली जाते आणि तळव्याची कमान उचलली जाते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्येच या रचनेला रहाटाची उपमा दिली होती. दोरीवर भार येणारच. प्रश्न तो भार ती पेलते का एवढाच आहे.

मी पळणारा माणूस. चौदा महिने गाद्या आणि बर्फात घालवले, काही उपयोग झाला नाही. मग डेन्मार्कमधल्या संशोधकांची २०१४ ची पद्धत हाती लागली. पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला १२ वेळा जेमतेम जमेल एवढा भार घेऊन तीन फेऱ्या, मग पाठपिशवीत वजन वाढवत ८ वेळांच्या पाच फेऱ्यांपर्यंत जायचं. ४८ रुग्णांवर तपासलं होतं आणि तीन महिन्यांनी हा गट नुसते ताण देणाऱ्यांच्या बराच पुढे होता.

मज्जासंस्था वगैरे ठीक आहे, पण आधी पट्टा मजबूत करा. नाहीतर माणूस विचारच करत बसतो.

कोरा_कागद

@लोखंडी_पोटरी, त्याच अभ्यासात १२ महिन्यांनी दोन्ही गट जवळपास एकाच जागी आले होते, हेही सांगायला हवं. व्यायाम वाईट म्हणत नाही मी. पण धागाकर्तीचा प्रश्न असा आहे की पट्टा सुधारलाय असं चित्र सांगतंय आणि तरी दुखतंय. तुमच्या म्हणण्यात त्याचं उत्तर कुठे आहे?

लोखंडी_पोटरी

सोनोग्राफीतली जाडी म्हणजे ताकद नव्हे. हे माझं उत्तर.

मंदसप्तक

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं वेदना-उपचार विभागात काम करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण पाऊलखुणांच्या नवऱ्याने विचारलेला प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो.

मज्जासंस्था म्हणजे मन नव्हे. चेतातंतू, मज्जारज्जू, मेंदू हे यकृताइतकेच शरीराचे भाग आहेत. ते बदलले तर शरीरच बदललं.

आधी नावाबद्दल. फॅशिआयटिसमधला 'आयटिस' म्हणजे दाह. २००३ साली लेमाँट आणि सहकाऱ्यांनी टाचेच्या शस्त्रक्रियेत काढलेले ५० जणांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना दाह दिसला नाही, दिसली ती ऊतींची झीज. 'हाड वाढलंय' म्हणून घाबरवतात ते टोकही आयुष्यात कधी टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत सापडतं. म्हणजे चित्रात काय दिसतं आणि माणसाला किती दुखतं, यांचं गणित टाचेत मुळातच कच्चं आहे.

आता संवेदनशीलता. टाचेत धोका हेरणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात. इजा झाली की तिथल्या रसायनांमुळे त्यांची पातळी खाली येते, एरवी ज्याला ती दाद देत नाहीत त्या दाबालाही देऊ लागतात. हा पहिला टप्पा, टाचेतला. हे संदेश महिनोन् महिने येत राहिले तर मज्जारज्जूतल्या पेशीही तयारीत राहू लागतात. थोडका संदेश आला तरी त्या मोठ्याने पुढे पाठवतात, आणि शेजारच्या भागातून आलेला साधा स्पर्शही वेदनेच्या वाटेला लावतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे पहिल्यांदा नीट दाखवलं. तिसरी गोष्ट म्हणजे मेंदूकडून खाली येणारा लगाम. आपल्या सगळ्यांत वेदनेचे संदेश दाबणारी एक यंत्रणा असते. झोप मोडली, ताण वाढला, भीती बसली की हा लगाम सैल पडतो. मैत्रिणींबरोबर हिंडताना पाऊलखुणांचा लगाम घट्ट होता. टाच तीच, फॅशिया तोच, पावलं उलट जास्त. त्या दिवशी त्यांनी दुखणं विसरण्याचं नाटक केलेलं नव्हतं, संदेश खरोखरच कमी पोचत होते.

अंगठ्याचं मूळ का दाबलं, तेही सांगते. फक्त टाच हुळहुळी असेल तर कारण टाचेत असण्याची शक्यता मोठी. टाचेशी काहीच संबंध नसलेली जागाही लवकर दुखत असेल तर मज्जारज्जूच्या आणि त्यावरच्या पातळीवर आवाज वाढलाय असं समजतात. जुनाट टाचदुखीच्या रुग्णांवर अशा चाचण्या झाल्या आहेत. टाचेवर दाब सहन करण्याची पातळी कमी असते हे बऱ्यापैकी सातत्याने दिसतं. दूरच्या जागांबाबत निकाल सरमिसळ आहेत, काही रुग्णांत दिसतं, काहींत नाही. म्हणून प्रत्येक टाचदुखीला 'मज्जासंस्था' म्हणून मोकळं होऊ नये, आणि ज्यांच्यात ते आहे त्यांना 'चपला बदला' एवढ्यावर परतही पाठवू नये.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली या तिसऱ्या प्रकारच्या वेदनेला 'नोसिप्लास्टिक' असं नावही दिलं. ऊतींची इजा किंवा चेतातंतूचा आजार एवढ्याने जिचा उलगडा होत नाही, पण वेदना हाताळणारी यंत्रणाच बदलली आहे, ती वेदना. टाचदुखीत बहुतेक वेळा थोडं हे आणि थोडं ते असं मिश्रण असतं.

चालत_राहा

डॉक्टर, चार वर्षांत हे कुणी मला असं बसवून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

गवतफूल

वरच्या प्रतिसादात 'हुळहुळी' शब्द वाचला आणि थबकले. आपल्याकडे याला शब्द किती आधीपासून आहे! उन्हाने भाजलेल्या खांद्यावर अंगरखा टेकवत नाही, तापातून उठल्यावर अंगावर हात फिरवलेला सोसत नाही, त्याला आपण हुळहुळणं म्हणतो. जखम डोळ्यांना दिसत नसते पण स्पर्श नको असतो. ताईंनी नवऱ्याला 'मज्जासंस्था संवेदनशील झालीय' सांगण्याऐवजी 'टाचेच्या नसा आतून हुळहुळ्या झाल्यात' म्हणून सांगावं. एका क्षणात कळेल.

कोरा_कागद

वा! आणि दुखण्याचे शब्द काढायचे तर कितीतरी आहेत. कळ, सणक, चमक, ठणका, ठसठस, चुरचुर, भगभग, रवरव, मुंग्या. डॉक्टरांना नुसतं 'दुखतं' सांगतो आपण, यातला नेमका शब्द सांगितला तर त्यांनाही मदत होत असेल ना?

मंदसप्तक

खूपच होते. ठणका आणि पहिल्या पावलाची कळ एका दिशेला नेतात. भगभग, झिणझिण्या, विजेसारखी चमक, बधिरपणा हे शब्द आले की मी दबलेल्या किंवा बिघडलेल्या चेतातंतूचा विचार आधी करते. दुखण्याचा शब्द रुग्णाच्याच तोंडून येऊ द्यावा म्हणून मी मुद्दाम गप्प बसते.

सुई_दोरा

मी परिचारिका. उभं राहण्याचं काम, त्यामुळे टाच दुखणं आम्हाला नवं नाही. माझं वेगळंच निघालं म्हणून लिहिते. टाचेच्या आतल्या बाजूला आग व्हायची, सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त, आणि आराम केला तरी शमायची नाही. वर्षभर फॅशियावर उपचार चालले. शेवटी लक्षात आलं की टाचेखालून जाणारी एक बारीक नस दबत होती, तिला बॅक्स्टरची नस म्हणतात. तिच्यावर उपचार झाल्यावर आराम पडला. मज्जासंस्था म्हणताना अशी एखादी नेमकी नसही असू शकते, तीही तपासून घ्या.

उंबरठा

ताई, तुमच्या धाग्यात माझी एक कळकळीची विनंती.

मला तिशीच्या आत दोन्ही टाचा दुखायला लागल्या. प्लांटर फॅशिआयटिस, दीड वर्ष. नंतर एकांनी 'तुम्ही फार विचार करता, नसा संवेदनशील आहेत' असं सांगितलं आणि मी ते पटवून घेतलं. पण पहाटे तीन-चारला कंबर दुखून जाग यायची. सकाळी तासभर कंबर ताठलेली असायची, हिंडलं-फिरलं की मोकळी व्हायची, पडून राहिलं की वाढायची. हे मी टाचेच्या डॉक्टरांना सांगितलंच नाही, कारण टाचेचा आणि कंबरेचा काय संबंध! मग एक डोळा लाल होऊन दुखू लागला. नेत्रतज्ज्ञांनी कंबरेचं विचारलं आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. निघाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. त्यात स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे खराखुरा दाह होतो, आणि टाच ही त्याची आवडती जागा. औषधं सुरू झाल्यावर दोन महिन्यांत टाचा शांत झाल्या.

मज्जासंस्थेची गोष्ट खरी असेल, मी डॉक्टरांशी वाद घालत नाही. पण ती गोष्ट सांगण्याआधी बाकीचं तपासलेलं असावं. माझी दोन वर्षं गेली.

मंदसप्तक

उंबरठा, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सर्वांत वर असायला हवा. त्यात भर घालते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर जीव जात असेल, किंवा चालणं-पळणं अचानक वाढवल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर टाचेच्या हाडाला सूक्ष्म तडा आहे का ते पाहावं लागतं. मधुमेह असेल आणि तळवे बधिर होत असतील तर तो वेगळा विषय आहे. रात्रीचं न थांबणारं दुखणं, ताप, विनाकारण घटणारं वजन यांत तर थांबूच नये.

जुना_वाटसरू

मुलांनो, फार काळजी करू नका. मला तीन डॉक्टरांनी सांगितलं होतं, दहातल्या नऊ जणांचं वर्षभरात आपोआप जातं. माझंही गेलं.

कोरा_कागद

काका, तुमचं गेलं याचा आनंद आहे. पण हा आकडा ऐकून ज्यांचं जात नाही त्यांना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. १७४ रुग्णांचा ५ ते १५ वर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात १० वर्षांनीही सुमारे ४५ टक्के लोकांना त्रास होता. ते रुग्णालयापर्यंत पोचलेले रुग्ण होते, म्हणजे मुळात जास्त त्रासाचे, हे मान्य. तरी 'वर्षात जातंच' असं ठामपणे सांगू नये असं मला वाटतं.

जुना_वाटसरू

हे मला माहीत नव्हतं बाळा. धीर द्यावा म्हणून म्हटलं. पाऊलखुणाबाई, तुमचं चुकतंय असं मनात आणू नका.

निशिगंध

माझ्या सासूबाईंच्या आजारपणात आठ महिने रात्रीची झोप तुटलेली होती. त्याच काळात टाच सुरू झाली आणि हटेना. एका वहीत रोज तीन आकडे लिहायला लागले: किती तास झोप, किती पावलं, दुखणं दहापैकी किती. सहा आठवड्यांनी वही उलगडून बसले तर पावलांचा आणि दुखण्याचा मेळ बसेना. झोपेचा मात्र लख्ख दिसत होता. पाच तासांखाली झोप गेली की दुसऱ्या दिवशी सात-आठ, हमखास. मग घरात पाळ्या लावून घेतल्या. टाच पूर्ण गेली नाही, पण आठवरून तीनवर आली.

लोखंडी_पोटरी

दोन दिवस धागा वाचतोय. मी जरा एकांगी लिहिलं होतं. पण एक खरंच विचारायचंय, डॉक्टर. मज्जासंस्था हुळहुळी असेल तर मग भाराचे व्यायाम करायचे की नाही? माझ्या गटातल्या एकाला कुणीतरी सांगितलं, दुखेल असं काहीच करू नकोस. तो आता जिनासुद्धा चढत नाही.

मंदसप्तक

करायचेच. तुमचा व्यायाम आणि माझी मज्जासंस्था एकमेकांच्या विरोधात नाहीत. नियमित व्यायामाने तो लगामही सुधारतो, आणि पायावर भार टाकूनही काही बिघडलं नाही हा अनुभव मेंदूला रोज मिळणं फार मोलाचं असतं. जिना टाळणाऱ्याला तो मिळतच नाही. जुनाट टाचदुखीत हालचालीची भीती आणि 'आता हे कधीच बरं होणार नाही' असे विचार जितके जास्त, तितकं दुखणं आणि चालण्याची अडचण जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. यात रुग्णाचा दोष नाही, दोन वर्षं दुखल्यावर कुणालाही भीती बसेल.

फरक सुरुवातीच्या मात्रेत. हुळहुळ्या पायाला पहिल्याच दिवशी एका पायावर १२ वेळा उचलायला लावलं तर तीन दिवस ठणका राहील आणि माणूस व्यायाम सोडेल. दोन्ही पायांवर, सपाट जमिनीवर, पाच-सहा वेळा असं सुरू करावं. दुखणं दहापैकी चारच्या आसपास राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं तर चालेल. नाही आलं तर मात्रा कमी करायची, बंद नाही करायची. काहींना औषधांचीही मदत लागते, ती आपल्या डॉक्टरांशी बोलून.

पाऊलखुणा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. उंबरठा दादा, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी कंबरेचं सगळं तपासून घेतलं, रक्तही तपासलं. तसलं काही नाही. नस दबल्याचीही लक्षणं नाहीत. फिजिओथेरपिस्टनी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली, त्यात १०० पैकी ४० च्या वर गुण आले तर मज्जासंस्थेची संवेदनशीलता वाढलेली असू शकते असं मानतात. माझे ५४ आले. झोप, थकवा, उजेडाचा त्रास, जबडा आवळून धरणं, असे प्रश्न होते. टाचेचा एकही नाही!

गवतफूल, तुझा शब्द घरी वापरला. नवरा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, माझ्या खांद्याचं हाड मोडलं होतं तेव्हा प्लास्टर काढल्यावर सदरा टोचायचा, तसं का? म्हटलं, अगदी तसंच.

उद्यापासून दोन्ही पायांवर सहा वेळा. वहीसुद्धा घेतली आहे.

चालत_राहा

मीही सुरू करतो. इथेच लिहीत राहू ताई.

पाऊलखुणा

धागा वर आणतेय. साडेतीन महिने झाले.

पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, उलट एकदा उत्साहाच्या भरात दुप्पट केलं आणि चार दिवस भोगलं. मंदसप्तक यांचं वाक्य आठवून मात्रा कमी केली, बंद केली नाही. चालणं मिनिटांवर घेतलं: दुखेपर्यंत चालायचं नाही, ठरलेली मिनिटं झाली की थांबायचं, बरं वाटत असलं तरी. आठ मिनिटांपासून सुरू केलं, आता पस्तीस आहेत. झोपेचं निशिगंधचं निरीक्षण माझ्या वहीतही तसंच्या तसं उतरलं.

सकाळची पहिली कळ अजून आहे, पण तिची जागा पुन्हा एका बोटाने दाखवता येते. पोटरीपर्यंत जाणं थांबलंय. पांघरूण टाचेवर असतं आणि मला पत्ता नसतो. काल रात्री पाणी प्यायला उठले, परत येऊन पडल्यावर लक्षात आलं की आज चवड्यावर चालले नाही आणि दाराची चौकटही धरली नाही.

लोखंडी_पोटरी, आता एका पायावर, टॉवेलच्या गुंडाळीसह, १२ वेळा तीन फेऱ्या होतात. पुढे काय?

लोखंडी_पोटरी

फार फार आनंद झाला ताई! आता पाठपिशवीत थोडी पुस्तकं घाला आणि १० वेळांवर या, चार फेऱ्या. सावकाशपणा सोडू नका, तीन-दोन-तीन सेकंद तसेच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाटतं त्यावर पुस्तकं वाढवायची की नाही ते ठरवा.

पाऊलखुणा

दोन पुस्तकांपासून सुरू करते. @चालत_राहा, तुमचं कुठवर आलंय?

चालत_राहा

दोन्ही पायांवर पंधरा, मिनिटं वीस. काल पहिल्यांदा जिन्याचा कठडा न धरता उतरलो.